मालक घरात नको

"घर वाईट नाही गं, पण त्या माणसाला ते विकायचंच नाहीये."

जिन्यातून हा आवाज वर आला तेव्हा मी दाराची कडी लावत होतो. कडी अर्धी सरकलेली, बोटं तिच्यावर, आणि मी तसाच उभा. आमच्या जिन्याची ही जुनी खोड आहे. खाली कुणी कुजबुजलं तरी चौथ्या मजल्यावर स्वच्छ ऐकू येतं, वरून मात्र कितीही ओरडा, खालच्याला पत्ता नसतो. बोलणारा तो नवरा होता, मघाशी माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून मान डोलावत 'छान, छान' म्हणणारा. त्यावर बायको काहीतरी बोलली, बहुधा हसली, मग चपलांचे आवाज, मग काहीच नाही. मलाही आधी हसूच आलं. मला विकायचं नाही? पाच महिने मी स्वतः जाहिरात लिहितोय, स्वतः फोन घेतोय, दर रविवारी फरशी पुसून, दाढी करून, येईल त्याला दार उघडतोय, ते काय हौस म्हणून? मग ते हसू कुठेतरी अडकलं. मी कडी पूर्ण लावली. काढली. पुन्हा लावली. बैठकीच्या खोलीत दोन रिकामे पेले टेबलावर तसेच होते आणि त्यांच्या शेजारी मी त्यांना दिलेले दोन टाइप केलेले कागद. त्यांनी ते नेलेसुद्धा नव्हते.

आज एकोणीस तारीख होती. बारा दिवस राहिले होते. हे बारा दिवस माझे नव्हते, बायकोचे होते. ती पाच महिने तिच्या बहिणीकडे, त्यांच्या बैठकीच्या खोलीत, घडीच्या खाटेवर राहतेय. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की जिना बंद. आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या बहात्तर. म्हणजे ती स्वतःच्या घरी येऊ शकत नाही, एवढा साधा हिशेब. आम्ही एक तळमजल्याचं घर बघून ठेवलं होतं, दोन खोल्या, दाराशी एकच पायरी. ती वॉकर घेऊन तिथे गेली होती आणि त्या एका पायरीवरून तीन वेळा आत-बाहेर करून आली होती. चौथ्यांदा करायला निघाली तेव्हा मी म्हणालो, पुरे आता. ती म्हणाली, थांबा हो, बरं वाटतंय. त्या घराचे मालक भले गृहस्थ, त्यांनी महिनाअखेरीपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. पुढे त्यांचं दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. आमचं विकल्याशिवाय ते घेता येणार नव्हतं. तेव्हा त्या जिन्यातल्या माणसाचं म्हणणं खरं असेल तर त्याचा अर्थ काय होतो, हे मला तिथे दाराशी उभं असतानाच कळलं होतं. म्हणून तर मी कडीशी खेळत बसलो.

दलाल नको, हा माझा हट्ट. बायको एजंट म्हणते, मी दलालच म्हणतो. एकतीस वर्षं मी वजनमापं तपासायच्या खात्यात काढली. दुकानात शिरायचं, गल्ल्यासमोर उभं राहायचं, वजनं मागायची. लोखंडी वजनाच्या बुडाला एक खड्डा असतो, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर आमचा ठसा. लबाड माणूस वरून काही करत नाही. तो बुडाचं शिसं कोरतो, पुन्हा वर ठशासकट पातळसा थर देतो, आणि वजन पारड्यात अगदी गरिबासारखं बसून राहतं. मी हातात घेताच ओळखायचो. मनगटालाच कळायचं. माझं दुकानदारांत एक टोपणनाव होतं, 'काटा'. काटा आला रे, म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. तर असा मी, आयुष्यभर विकणाऱ्याच्या समोर उभा राहिलेला, आता विकणारा झालो होतो, आणि विकताना कुणी मला लबाड म्हणू नये याची मला एवढी धास्ती होती की मी घरातले दोष तपासून त्यांची यादी केली. सतरा कलमं. पूर्वेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल. बाथरूमच्या नळाचा वायसर दर तीन महिन्यांनी. कागदावरचं क्षेत्रफळ आणि माझ्या टेपने भरलेलं क्षेत्रफळ यांत अकरा चौरस फुटांची तूट. शेजारच्यांचा कुत्रा, सकाळी सहा ते साडेसहा. ही यादी मी प्रत्येकाला दारातच द्यायचो. लोक वाचायचे, माझ्याकडे बघायचे, मग भिंतीकडे बघायचे, आणि मला आत कुठेतरी गार वाटायचं.

ते गार वाटणं आज तपासून बघण्याची वेळ आली होती. मी टेबलाशी बसलो आणि आलेली माणसं एकेक करून आठवायला लागलो. पहिला तो बँकेतला, त्याला ओल चालणार होती, रंग देऊन घेईन म्हणाला. मी त्याला सांगितलं, रंगाने काही होत नाही, ती ओल आतून येते. मग त्या दोघी बहिणी, त्यांना घर इतकं आवडलं की धाकटी खिडकीत जाऊन बसली. मला ते तिचं बसणं खटकलं. त्या खिडकीत संध्याकाळी माझी बायको बसते, म्हणजे बसायची. मी कुत्र्याचं सांगितलं, सहा ते साडेसहा, आणि कसा भुंकतो ते करूनही दाखवलं. सत्तरीला टेकलेला माणूस बैठकीच्या खोलीत उभा राहून भुंकतोय, हे आठवून आता माझे कान तापले. त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं होतं. एकाने तर आगाऊ रक्कमही खिशात आणली होती. त्याला मी तुटीचे अकरा चौरस फूट टेपने भरून दाखवले, तो म्हणाला, जाऊ द्या हो साहेब, एवढं चालतं, आणि मी त्याला चालतं कसं यावर अर्धा तास सुनावलं. तो जिना उतरून गेला तेव्हा मी समाधानाने टेप गुंडाळला होता. असं काय होतं त्या समाधानात? मी कागद जवळ ओढला. सतरा कलमं पहिल्यापासून वाचली. नळ होता, कुत्रा होता, एका खिडकीची सैल झालेली बिजागरी होती. जिना नव्हता. बहात्तर पायऱ्या, ज्यांच्यामुळे हे सगळं आरंभलं, त्या यादीत कुठेच नव्हत्या. जिना काय, दिसतोच सगळ्यांना, असं मी तेव्हा म्हटलं असणार. भिंतसुद्धा दिसते सगळ्यांना.

सहा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा म्हणाली होती, हे घर विकू या का? ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबली होती, एक हात कठड्याला, दुसरा गुडघ्याच्या वाटीवर. तळहात गोल गोल फिरवत होती. मी चार पायऱ्या वर. मी म्हणालो, बघू. त्यानंतर दरवर्षी एकदा, कधी दोनदा. मी कधी नाही म्हणालो नाही. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. मी म्हणायचो बघू, आता भाव नाही, जरा थांबू, दलालाच्या हातात द्यायचं नाही, योग्य माणूस मिळाला पाहिजे. ती थांबायची. जिन्यातही आणि एरवीही. पुढे पुढे ती दिवसातून एकदाच खाली जायला लागली, मग दिवसाआड, आणि येताना सगळी खरेदी एकदम घेऊन यायची, दोन पिशव्या. मी आणतो म्हटलं तर म्हणायची, तुम्ही भाजी घेत नाही, भाजीवालीचा काटा तपासता. आम्ही दोघं हसायचो त्यावर. पाच महिन्यांपूर्वी ती त्या दोन पिशव्यांसकट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये पडली. सकाळचे सव्वाअकरा. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई शाळेतून लवकर आल्या म्हणून सापडली, तोवर वीस मिनिटं ती तिथेच. मी घरी होतो. सगळे म्हणाले, तुम्हाला कसं कळणार, दार बंद, वर्तमानपत्र वाचत होता. मीही मान हलवली. पण आमच्या जिन्याची खोड मी सांगितलीच आहे. मला आवाज आला होता. आधी धप्प, मग काहीतरी घरंगळत गेल्याचा, पायरी-पायरीवरून. मला वाटलं, कुणीतरी सामान हलवतंय. मी पान उलटलं. एवढंच झालं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तिला तर नाहीच, आणि ती मला वीस मिनिटांबद्दल कधी विचारतही नाही.

दुपारी तिचा फोन आला. "आले होते का ते?" तिने विचारलं. मी म्हणालो, आले होते. "मग?" मी म्हणालो, कळवतो म्हणाले. मागे माझ्या साडूंच्या टीव्हीवर कुणीतरी तावातावाने बातम्या सांगत होतं. "अहो," ती आवाज बारीक करून म्हणाली, "इथे सगळे माझं फार करतात, मला नावं ठेवायला जागा नाही. पण सकाळी सातच्या आत खाट आवरावी लागते, त्यांचा चहा असतो ना इथे. मी साडेसहालाच उठून बसते. आणि टॉवेल अडकवायला एक खिळासुद्धा माझा नाही हो. ताईच्या टॉवेलावर माझा टाकते, मग तो खाली पडतो, आणि मला वाकता येत नाही." मग लगेच हसली, "हे काय सांगत बसले मी, टॉवेलाचं." मी म्हणालो, या महिन्यात होईल. "तुम्ही एजंटाला विचारा ना एकदा," ती म्हणाली, "निदान विचारा तरी." हे ती पाच महिन्यांत पहिल्यांदाच म्हणत होती असं नाही. पण आज मी 'बघू' म्हणायला तोंड उघडलं आणि तो शब्द मला स्वतःलाच ऐकू आला. मी म्हणालो, जातो. तिला बहुधा नीट ऐकू आलं नाही, कारण तिने पुन्हा विचारलं, काय म्हणालात?

दलालाचं दुकान कोपऱ्यावरच आहे. दुकान म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि काचेवर चिकटवलेले घरांचे फोटो, सगळ्या घरांत ऊन पडलेलं. चार महिन्यांपूर्वी हा माणूस आपणहून माझ्याकडे आला होता तेव्हा मी त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं. त्याने तसं काही दाखवलं नाही. उठून खुर्ची दिली. चाळिशीचा असेल, गोल चेहरा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मी बसलो नाही. गल्ल्यासमोर उभं राहायची सवय, दुसरं काय. मी सगळं सांगितलं, तारीख सांगितली, आणि ते दोन कागद पुढे केले. त्याने वाचले. वाचता वाचता त्याच्या ओठांचं टोक हललं, पण हसला नाही, हे त्याचं कौतुक. "साहेब, हे तुम्ही सगळ्यांना देता?"

"देतो. माहिती द्यायला नको?"

"द्यायला हवी की. कागदपत्रांत काही लपवायचं नाही, ओल असली तर सांगायची, मीही सांगतो. पण घर बघायला आलेला माणूस आत शिरतो तेव्हा मनातल्या मनात आपली खाट लावून बघत असतो. कपाट कुठे, पोरांचं टेबल कुठे. त्याच वेळी तुम्ही शेजारी उभे असलात की त्याची खाट लागत नाही. तिथे तुमचीच असते."

"म्हणजे मी खोटं बोलू?"

"छे हो. तुम्ही खोटं बोलू नका," तो म्हणाला, "तुम्ही फक्त बोलू नका. खरं तर तुम्ही असूच नका. घर दाखवताना मालक घरात नको, हा माझा एकच नियम."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या आणि त्याच वेळी मला इतकं हलकं वाटत होतं की मी अखेर खुर्चीवर बसलो. जोडीतली एक किल्ली काढून टेबलावर ठेवली. ती कडीतून सुटता सुटत नव्हती, नखाने ओढावी लागली. त्याने ती लगेच उचलली नाही. आधी मला पाणी दिलं.

सहा दिवस तो माणसं घेऊन येत राहिला आणि मी बाहेर फिरत राहिलो. एका सकाळी त्याने आधी येऊन घराचं काय काय केलं ते मी बघितलं. सगळ्या खिडक्या उघडल्या, पडदे बांधून टाकले, औषधांच्या बाटल्या खणात घातल्या, बाथरूममधली जुनी बादली गच्चीत नेऊन ठेवली. भिंतीवरचा आमचा दोघांचा फोटो त्याने मला विचारून काढला, उलटा करून कपाटावर ठेवला, आणि त्या जागचा फिकट चौकोन ओल्या फडक्याने पुसला. चौकोन गेला नाही. बैठकीच्या खोलीत ऊन साडेदहाला येतं, हे त्याने दोन दिवसांत ओळखलं होतं. मला पस्तीस वर्षं तिथे राहून ते ठाऊक नव्हतं, नोकरीत मी साडेदहाला कायम कुणाच्या तरी दुकानात, नंतर वर्तमानपत्रात तोंड खुपसून. तो गेल्यावर मी त्या घरात बसलो तेव्हा मला पाहुण्यासारखं अवघडायला झालं. पाणी प्यायल्यावर पेला धुऊन जागेवर ठेवला. खाटेवर पडलो नाही, चादर चुरगळेल म्हणून. तिचंही असंच होत असेल तिथे, असं मनात आलं.

सव्वीस तारखेला संध्याकाळी त्याचा फोन आला. "साहेब, उद्याचं गिऱ्हाईक पक्कं वाटतंय. नोकरी करणारी बाई आहे, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत. पैशांची सोय तयार आहे, घाईही आहे. साडेदहाला. तुम्ही दहालाच निघा." मी हो म्हणालो. सकाळी दहाला चपला घातल्या, कुलूप लावलं, आणि नळ नीट बंद केलाय का बघायला परत उघडलं. नळ बंद होता. खिडकीची बिजागरी बघितली. ऊन अजून आलं नव्हतं. ते येताना एकदा बघावं, असं उगाच वाटलं, आणि मी भिंतीला टेकून उभा राहिलो. आधी खिडकीच्या कट्ट्यावर, मग फरशीवर एक पट्टी, मग ती रुंद होत गेली. घड्याळात बघितलं तर दहा सत्तावीस. मी कुलूप लावून पाय उचलला आणि खालून आवाज आला. दलाल बोलत होता. पहिल्या मजल्यावर त्याने सगळ्यांना थांबवून विजेचे मीटर दाखवले, कुठला कुणाचा, कसे नवे बसवलेत. मग दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबवून खिडकीतलं झाड. मला त्याची युक्ती कळली. तो त्यांना दम खायला थांबवत होता आणि दम खातोय हे कळू देत नव्हता. बाहेर पडायला हाच एक जिना. मी उतरत गेलो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये ते मला भेटले. दलाल पुढे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ओळख दाखवली नाही, फक्त भिंतीकडे सरकून वाट दिली. त्याच्या मागे ती बाई, खांद्याला पिशवी, चेहरा झोप न झालेला पण प्रसन्न. आणि तिच्या सात-आठ पायऱ्या खाली, वळणावर, एक वयस्क बाई. एक हात कठड्याला. दुसरा गुडघ्याच्या वाटीवर, तळहात गोल गोल फिरत होता. हे फिरणं मला पाठ आहे. कुठल्या दिशेने किती वेळा, मग हात क्षणभर दाबून धरायचा, मग सुस्कारा तोंडाने न टाकता नाकाने टाकायचा, पुढच्याला ऐकू जाऊ नये म्हणून. दलालाने बाई म्हटलं होतं, आई म्हटलं नव्हतं. "आई, सावकाश ये," मुलगी वरून म्हणाली, आणि मग जरा काळजीने, "तुला जमेल ना गं हे रोज?"

आई उत्तर द्यायच्या ऐवजी माझ्याकडे बघत होती. मी तिच्यापासून दोन पायऱ्यांवर. "तुम्ही इथलेच का?" तिने विचारलं.

"हो."

"रोज चढता-उतरता?"

"रोज."

"त्रास नाही होत?"

वर दलालाचे बूट थबकल्याचं मला ऐकू आलं. आता बोलायचं, एवढंच होतं. बाई, हा जिना घेऊ नका. सहा वर्षांत तुम्ही दिवसाआड उतराल आणि एक दिवस याच जागी पडाल, आणि वर कुणी वर्तमानपत्राचं पान उलटेल. जिभेवर सगळं तयार होतं, पूर्ण वाक्यांत. पण त्याच्या मागोमाग दुसरंही आलं, की काटा, तू आत्ता हे कशासाठी बोलणार आहेस? या बाईसाठी, की साडेदहाच्या उन्हासाठी? तू भुंकून दाखवलंस तेही खरंच होतं. आणि मग मला खाट दिसली, घडीची, सकाळी सातच्या आत आवरलेली, आणि जमिनीवर पडलेला टॉवेल. चार दिवस राहिले होते. मी म्हणालो, "सवय होते हो."

"होते ना?" तिचा चेहरा उजळला. "मीही हिला तेच म्हणत होते. अजून किती राहिलंय?"

छत्तीस पायऱ्या राहिल्या होत्या. "हे काय, आलंच," मी म्हणालो आणि भिंतीला चिकटून तिला वाट दिली. जाताना तिने माझ्या दंडाचा आधार घेतला, क्षणभर. वजन असं काहीच नव्हतं तिला.

बसमध्ये मला खिडकीजवळ जागा मिळाली. बोललो त्यातला शब्दन् शब्द खरा होता. सवय होते. मला झाली. वरचा ठसा शाबूत, आणि बुडातून शिसं कोरून काढलेलं. एकतीस वर्षांत मी अशी किती वजनं जप्त केली, आणि ते दुकानदार हात जोडून काय म्हणायचे, साहेब, पोटासाठी करतो. मी म्हणायचो, ते मला सांगू नका. खिशातला फोन मी तीनदा काढला. दलालाला फोन करून मी घरमालक म्हणून एवढंच सांगू शकत होतो की आईंना जिना झेपणार नाही, आधी डॉक्टरांना विचारा. एक वाक्य. ती अजून वरच असेल, उन्हात उभी असेल, गुडघा विसरून. तिसऱ्यांदा मी नंबरही लावला, आणि घंटी वाजायच्या आत तोडला. स्वतःलाच सांगितलं, तिला काय कळत नाही का, पाय तिचे आहेत, जिना दिसतोच सगळ्यांना. हे वाक्य मी पूर्वी कुठे वापरलं होतं ते आठवलं तेव्हा माझा थांबा मागे पडला होता. एक थांबा उलट चालत आलो.

मेहुणीने दार उघडलं, साडू टीव्हीसमोर होते, त्यांनी आवाज कमी केला. बायको खिडकीशी खुर्चीत बसली होती, खाट घडी करून भिंतीला लावलेली. "तुम्ही? या वेळी?" ती म्हणाली, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून, "काय झालं हो?" मी म्हणालो, काही नाही, असाच आलो. तिच्या औषधांची पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर होती, वरच्या गाठीला तिचा कंगवा खोचलेला. मी शेजारी बसलो. पाणी प्यायलो. फोन वाजला तेव्हा पेला माझ्या हातात होता आणि तो कुठे ठेवावा तेच मला सुचेना. तिने तो काढून घेतला.

"साहेब, झालं," दलाल म्हणाला. इतक्या मोठ्याने की मेहुणीनेही वळून बघितलं. "आज संध्याकाळीच टोकन देतायत. आणि गंमत सांगू का? मुलगी का-कू करत होती, जिन्याचंच. शेवटी आई म्हणाल्या, अगं ते जिन्यात भेटलेले गृहस्थ माझ्याच वयाचे, ते रोज करतात, सवय होते म्हणाले. तिथे मुलगी ढिली पडली. मी तुम्हाला बोलू नका म्हणालो होतो, पण खरं सांगतो, शेवटी घर तुम्हीच विकलंत. त्यांना हो कळवू ना?"

बायकोने माझा पेला दोन्ही हातांत घट्ट धरला होता. सहा वर्षं थांबलेल्या माणसाला आणखी दोन सेकंद थांबणं काही जड जात नाही, ते तिच्या बसण्यात दिसत होतं. "कळवा," मी म्हणालो.

तिला रडू येईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. तिने पेला खाली ठेवला, पदराने उगाच चष्मा पुसला आणि बहिणीला म्हणाली, "ताई, झालं गं." साडू उठून माझा हात हातात घेऊन हलवत राहिले. मग ती माझ्याकडे वळली. "कोण घेतंय?"

"एक बाई आहे. प्रयोगशाळेत नोकरी करते."

"एकटीच?"

"एकटीच," मी म्हणालो. "तरुण आहे."

"बरं झालं बाई," ती म्हणाली आणि तिचे खांदे खाली आले. "मला सारखी तीच धाकधूक होती. आपली सुटका होईल आणि कुणी माझ्यासारखीच तिथे येऊन पडेल. दोन-तीनदा स्वप्नातही आलं माझ्या. तुम्हाला बोलले नाही. जिन्याचं सांगितलंत ना तिला?"

"सांगितलं."

"तुम्ही सांगणारच," ती म्हणाली. "मी ताईला म्हणतच होते, वेळ लागेल, पण हे कुणाला फसवून घर विकायचे नाहीत." आणि तिने उठण्यासाठी माझ्याकडे हात पुढे केला.